लावण्याआधी राखणे: गोव्यातल्या डोंगरावरचे रान सांभाळण्याची रीत

जुलैत वनमहोत्सव होतो, उतारावर रोपे लागतात, फोटो निघतात. पुढच्या मार्चमध्ये त्याच उतारावरून आग फिरते आणि रोपांच्या जागी काळ्या काड्या उभ्या राहतात. सत्तरीपासून काणकोणपर्यंत हे पुन्हा पुन्हा घडते. यात रोपांचा दोष नसतो, कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. एवढ्या पावसाच्या जमिनीत रान आपणहून उगवते. त्याला अडवणाऱ्या गोष्टी तीनच: आग, कोयता आणि मोकाट गुरे. बोडक्या दिसणाऱ्या डोंगरावरही करवंदीच्या जाळीत, गवतात, जुन्या बुंध्यांच्या तळाशी माटी (ऐन), किंदळ, जांबा, कुंभा यांची मुळे जिवंत असतात. ती दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी जळतात. सलग तीन उन्हाळे आग आत येऊ दिली नाही, तर यातले बरेच फुटवे माणसाच्या डोक्यावर जातात. नर्सरीतल्या रोपाला ही मजल मारायला जास्त वर्षे लागतात, कारण त्याला मूळ धरण्यापासून सुरुवात करायची असते.

म्हणून इथे राखणीचा भाग आधी आणि मोठा आहे, लावणीचा नंतर आणि लहान. खासगी डोंगर, काजूचे भाट (बागा), कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) माथ्यावरची झाडी, कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीची) पड जमीन, या सगळ्यांना ही रीत चालते.

आधी उतारा, मग कोयता

काम सुरू करण्याआधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्काचा कागद) आणि सर्व्हे नकाशा हातात घ्या. सत्तरीत आल्वारा किंवा मोकाशाची (जुन्या राजवटीत दिलेली) जमीन असेल, तर कसणारा एक आणि उताऱ्यावरचे नाव दुसरे, असे बऱ्याचदा असते. कोमुनिदादच्या जमिनीवर त्यांची लेखी संमती लागते. अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला किंवा भगवान महावीर, काहीही करण्याआधी वनखात्याशी बोलावे लागते.

स्वतःच्या मालकीचे झाड तोडायलाही १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. दुसरी गोष्ट खासगी वनाची. गोव्यात खासगी वन ठरवताना तीन निकष लावले गेले: झाडांपैकी किमान ७५ टक्के जंगली जाती, सलग किमान ५ हेक्टर क्षेत्र आणि झाडोऱ्याची घनता किमान ०.४, म्हणजे निदान ४० टक्के जमीन झाडांच्या पसाऱ्याखाली. तुमचा सर्व्हे क्रमांक खासगी वनांच्या यादीत असेल, तर तिथे वनेतर वापराला केंद्र सरकारची मान्यता लागते. या भीतीने काही मालक झाडे मोठी होऊच देत नाहीत, दर दोन वर्षांनी डोंगर साफ करतात. ज्या डोंगरावर घर बांधायचे नाही, तो डोंगर असा झोडपून पदरात काही पडत नाही. खालच्या विहिरीचे पाणी मात्र उन्हाळ्याच्या तोंडीच खाली जाते.

ऑक्टोबरात मोजणी

पाऊस ओसरल्यावर आणि पाने झडण्याआधी, ऑक्टोबरात मोजणी करा. तेव्हा झाड पानावरून ओळखता येते आणि पायाखालची जमीनही दिसते. हेक्टरी पाच ठिकाणी १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन सुतळीने आखा. जागा सोयीच्या निवडू नका. पायवाटेकडेची एक, माथ्यावरची एक, व्हाळाकडेची (ओढ्याकाठची) एक, अशा विखुरलेल्या घ्या. प्रत्येक चौकोनात गुडघ्याखालची रोपे, कमरेपर्यंतची, त्याहून उंच आणि जिवंत बुंधे वेगवेगळे मोजा. एका बुंध्याचे दहा फुटवे असले तरी मोजणीत तो एकच.

चौकोनात सात-आठ किंवा जास्त जंगली रोपे आणि बुंधे मिळाले, म्हणजे हेक्टरी सात-आठशे, तर लावणीची गरज नाही. तीन ते सहा मिळाले, तर मोकळ्या जागी थोडी भर घाला. तीनपेक्षा कमी असतील तरच नव्याने लावणीचा विचार करा, आणि त्याआधी जवळपास बीज देणारी मोठी झाडे आहेत का ते पाहा. शंभर मीटरवर उंबर, जांभूळ, कुंभा उभे असतील तर वटवाघळे, बुलबुल आणि धनेश बी आणून टाकतातच.

एक जागा या हिशेबातून पूर्ण वगळा: सडा. जांभ्या दगडाचे सपाट माथे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून तिथे खड्डे मारून झाडे लावण्याची हौस फार. पावसाळ्यात याच सड्यावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशी फुले चार महिने जगतात. दगडावर बोटभर माती असते, तीवर ती वाढतात. तिथे ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला, की सावली आणि पाल्याच्या थराखाली हे सगळे जाते, आणि अकेशियाही खुरटाच राहतो. सडा हे अर्धवट राहिलेले जंगल नव्हे. तो जसा आहे तसा राखा.

आग

गोव्यातल्या रानात आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. काजूखालचा पाला जाळताना ती सुटते, शिकारीसाठी कोणी लावते, रस्त्याकडेला कचरा जाळतात, विडी टाकतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी भडकल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला आणावी लागली. जमिनीवरची आग पहिल्या अर्ध्या तासात चार माणसे विझवू शकतात. तीच आग डोंगर चढली, की हेलिकॉप्टरही अपुरे पडते.

आगरेषा डिसेंबरच्या अखेरीस काढा. सीमेवरून ३ मीटर रुंद पट्टा गवत आणि झुडपे जमिनीलगत कापून साफ करायचा. माथ्यावर आणि खालून चढण येते त्या बाजूला ही रुंदी ५ ते ६ मीटर ठेवा. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा लक्षात ठेवला की रुंदी कुठे वाढवायची ते कळते. पट्ट्यातली मोठी झाडे तोडू नका. त्यांची सावली गवत कमी ठेवते. फक्त जमिनीला टेकलेल्या फांद्या आणि झाडावर चढलेल्या सुक्या वेली काढा, कारण आग त्यांवरूनच शेंड्याला जाते.

इथे नेहमी दोन चुका होतात. पहिली: डिसेंबरात रेषा काढली की काम झाले असे समजणे. माटी, किंदळ, नाणा यांची पाने खरी गळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि साफ केलेली रेषा पंधरा दिवसांत पुन्हा पातेऱ्याने भरते. फेब्रुवारीच्या मध्याला आणि मार्चच्या मध्याला दाताळ्याने ती झाडलीच पाहिजे. झाडलेला पातेरा आतल्या कडेला ढीग करून ठेवू नका, ठिणगी त्यातच पडते. तो आत १० मीटर नेऊन पातळ पसरा किंवा कुळागरात आच्छादनाला न्या. दुसरी चूक: रेषा कुदळीने खणून काढणे. उघडी माती जूनच्या पहिल्या सरीत वाहून जाते आणि दोन वर्षांत तिथे घळ पडते. मुळे जमिनीत राहू द्या, कोयत्याने वरून कापा. उभ्या उतारावरच्या रेषेत दर १०-१५ मीटरवर दगडांची तिरकी ओळ लावा, म्हणजे पाणी बाजूच्या झाडीत वळेल.

शेजाऱ्यांनी एकत्र येण्याचा फायदा आकड्यात दिसतो. एक हेक्टरच्या चौकोनी जमिनीला ४०० मीटर रेषा लागते. पाच शेजाऱ्यांनी प्रत्येकी एक हेक्टर वेगवेगळा राखला तर २,००० मीटर. पाचांची जमीन मिळून सलग आणि साधारण चौकोनी असेल आणि बाहेरून एकच रेषा काढली तर सुमारे ९०० मीटर. मजुरी निम्म्याहून खाली येते, आणि राखणीला माणसेही पाचपट मिळतात.

फेब्रुवारी ते मे राखणीची वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ५. दुपारी समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि आगीला घाटाकडे ढकलतो. पंप पाठीवर घ्यायचा, १६ लिटरचा, फवारणीचा चालतो. सोबत दोन दाताळी, दोन कोयते, भिजवलेली गोणपाटे आणि पायात जाड बूट. नायलॉनचे कपडे नकोत, ते अंगावर वितळतात. ज्वाळा गुडघ्याइतक्या असतील तर जळून गेलेल्या काळ्या बाजूने जाऊन कडेकडेने हिरव्या फांद्यांनी झोडपत पुढच्या तोंडाकडे सरका. आगीच्या वरच्या अंगाला उभे राहून विझवायला जाऊ नका, माणसे तिथेच अडकतात. ज्वाळा डोक्याइतक्या झाल्या तर मागे फिरा, आगरेषेवर थांबा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. समोरून उलटी आग लावून विझवण्याचा प्रयोग शिकलेल्या माणसांशिवाय कोणी करू नये. विझल्यावरही चोवीस तास फिरते राहा. पोकळ बुंध्यात धुमसणारा विस्तव दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेटतो.

काजूखाली आगीशिवाय

बिया सहज वेचता याव्यात म्हणून बोंडू पडू लागण्याआधी झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत आहे. तिने मजुरी वाचते हे खरे. पण काजूची अन्न घेणारी मुळे बरीचशी वरच्या मातीत पसरलेली असतात आणि साल पातळ असते. त्याच दिवसांत झाड मोहोरावर असते, धुराने आणि झळीने मोहोर करपतो आणि परागीकरण करणारे कीटक निघून जातात. शिवाय वरचा पाला गेला की पहिल्या पावसात माती खडीसारखी उघडी पडते.

त्याऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरात ग्रास कटरने एकदा सगळे कापा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फक्त झाडाच्या पसाऱ्याखालचा गोल पुन्हा कापून दाताळ्याने ओढा, कारण बिया पडतात त्या तिथेच. दोन झाडांमधली जागा तशीच ठेवा. ७.५ मीटर अंतरावर लावलेल्या काजूत हेक्टरी पावणेदोनशेच्या आसपास झाडे असतात, म्हणजे जमिनीचा एक भागच खरडावा लागतो. ओढलेला पाला खोडापासून दीड मीटर लांब, उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा रचा आणि त्यावर चार फावडी माती टाका. सुका पाला मोकळा ठेवला तर तोच इंधन होतो. मातीखाली तो पावसापर्यंत कुजायला लागतो. व्हाळाच्या दोन्ही बाजूंनी १० मीटरच्या पट्ट्यात काजू लावू नका आणि काही कापूही नका.

रानमोडी आणि अकेशिया

रानमोडी हे परदेशी झुडपी तण. ती उन्हात माजते आणि सावलीत मरते, म्हणून झाडोरा वाढला की निम्मे काम आपोआप होते. तोवर जून-जुलैत माती मऊ असताना मुळासकट उपटा. नुसती कापली तर बुडातून चौपट फुटते. फुले नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि नंतर बी वाऱ्यावर उडते, त्यामुळे जानेवारीत केलेली सफाई म्हणजे बी पसरवण्याची मजुरी. सगळा डोंगर एकदम हातात घेऊ नका. आधी प्रत्येक जंगली रोपाभोवती एक मीटर, मग आगरेषेलगत, मग उरलेला. सुकलेली रानमोडी कापरासारखी पेटते, म्हणून रेषेपासून ती आधी हटली पाहिजे.

अकेशियाची जुनी लागवड असेल तर ती एका हंगामात सपाट करण्याचा मोह आवरा. एकदम ऊन पडले की खालच्या जागेचा ताबा रानमोडी घेते. तीन टप्प्यांत, दोन-दोन वर्षांच्या अंतराने एकेक तृतीयांश काढा. जिथे खाली जंगली रोपे दिसतात तिथून सुरुवात करा आणि झाड पाडताना ती रोपे वाचतील अशी दिशा धरा. परवानगी अर्थात आधी.

फुटव्यांची निवड

तोडलेल्या बुंध्यातून पहिल्या वर्षी दहा-पंधरा फुटवे येतात. पहिल्या वर्षी त्यांना हात लावू नका, वाऱ्याने काही मोडतात आणि गुरे काही खातात. दुसऱ्या हिवाळ्यात बुंधा पाहून एक किंवा दोन ठेवा. ठेवायचा तो फुटवा जमिनीलगत फुटलेला असावा. बुंध्याच्या वरच्या कडेवरून आलेला कितीही जाड दिसला तरी काढा. बुंधा कुजला की त्याचा आधार जातो आणि दहा वर्षांचे झाड एका वादळात खाली येते. कापताना धारदार कोयता आणि तिरका काप, म्हणजे पाणी साचत नाही.

वेली सरसकट कापण्याची सवय वाईट. कोवळ्या झाडाचा शेंडा दाबणारी वेल कापा. गारंबीसारखी जुनी जाड वेल ठेवा, शेकरूची ये-जा तीवरूनच असते.

लावायचेच असेल तर

बी जवळच्या रानातून, एकाच जातीच्या निदान दहा-पंधरा झाडांखालून थोडे थोडे गोळा करा. एकाच झाडाचे बी लावले तर पुढची पिढी दुबळी होते. माटीच्या पंखाच्या फळांत पोकळ फार निघतात. वीस फळे चिरून पाहा, पाचातही गर नसेल तर ते झाड सोडा. जांब्याच्या शेंगा उन्हात तडकून बी उडते, तडकण्याआधी काढाव्या लागतात. जांभूळ, फणस आणि भिरंडीचे (कोकमाचे) बी वाळवून साठवू नका, ते मरते. फळ खाल्ले की धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत. भिरंडीची बियांपासून आलेली साधारण अर्धी झाडे नर निघतात, फळासाठी लावत असाल तर कलम घ्या.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. कडक जांभ्यात ६० सेंटिमीटर. वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा, भरताना काळी माती तळाला जाऊ द्या. दोन-तीन किलो कुजलेले शेणखत पुरते. रोप वर्षाचे, गुडघ्याच्या वर उंच असावे. पिशवी ब्लेडने चिरून काढा. तळाशी मूळ गुंडाळलेले दिसले तर तेवढे छाटा, नाहीतर तीन-चार वर्षांनी झाड स्वतःच्याच मुळात आवळले जाते. लावणीची वेळ पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला मूळ खोल न्यायला वेळच मिळत नाही आणि मार्चमध्ये ते जाते. हेक्टरी दोनशे ते चारशे रोपांची भर पुरेशी होते. ३ मीटर बाय ३ मीटरने अकराशे रोपे लावण्याची गरज बोडक्या जागीच पडते.

व्हाळाकडेला जांभूळ, भिरंड, उंबर. मधल्या उतारावर माटी, किंदळ, नाणा, जांबा. वरच्या कोरड्या अंगाला कुंभा, चार (चारोळीचे झाड), आवळा. पहिल्या वर्षी ऑगस्ट आणि ऑक्टोबरात रोपाभोवती अर्धा मीटर बेणून १० सेंटिमीटर पातेरा घाला, खोडाला न टेकवता. गुरांसाठी सीमेवर गिरिपुष्पाचे दीड-दोन मीटरचे दांडे पहिल्या पावसात रोवले, की दोन वर्षांत जिवंत वई (कुंपण) तयार होते. गव्यांना कुठलीच वई अडवत नाही, त्यांची वाट सोडून लावा.

समतल चरांबद्दल थोडेच. आपल्याकडच्या पावसात लांब सलग चर फुटतो आणि फुटला की खालची माती घेऊन जातो. ३-४ मीटर लांब, ४५ सेंटिमीटर खोल, एकाआड एक असे तुटक चर मारा. फार उभ्या उतारावर चर नकोतच, तिथे झाडी हाच बांध.

रानातून काय आणि किती घ्यावे

सरपणाला पडलेल्या, मनगटापेक्षा बारीक फांद्या घ्या. जाड ओंडके जमिनीवर राहू द्या, अळंबी, किडे आणि ओल त्यांतच टिकते. पोकळ, वाळलेली उभी झाडे सुके लाकूड म्हणून काढू नका. धनेशाची मादी उन्हाळ्यात अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेते. पाल्यासाठी फांद्या छाटायच्या तर खालचा एक तृतीयांश भाग, आणि तेच झाड पुन्हा तीन वर्षांनी.

रोयणीच्या (वाळवीच्या वारुळावरच्या) अळम्यांचे दुखणे वेगळे आहे. ही अळमी वाळवीच्या वारुळातल्या बुरशीतून येतात, त्यांची शेती करता येत नाही. बाजारात भाव चढतो म्हणून कळ्या असतानाच सगळी उपटतात, काही जण रोयण खणतात. रोयण मोडली की पुढच्या श्रावणात तिथे काहीच नाही. सुरीने देठ जमिनीलगत कापा आणि प्रत्येक रोयणीवर निदान एक तृतीयांश छत्र्या पूर्ण उघडेपर्यंत ठेवा.

देवराईत तर घेण्याचा प्रश्नच नाही. सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या रायीत रान जायफळाची झाडे पाण्यात मुळे वर काढून उभी आहेत. अशा दलदलीत पाणी वळवणे, चिखल उपसणे, फरशी घालणे म्हणजे ती झाडे मारणे. देवळाचा जीर्णोद्धार करताना सिमेंटचे काम जुन्या चौथऱ्यापुरतेच ठेवा आणि वाळलेले झाड पडले तर पडलेलेच राहू द्या.

लाकूड काढायचे असेल तर आधी वाढ मोजा. २० मीटर बाय २० मीटरचा कायमचा चौकोन आखून प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर रंगाची रेघ मारा आणि दर जानेवारीत त्याच रेघेवर घेर मोजा. घेराचा वर्ग करून १२.५७ने भागला की खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. समजा घेर ८० सेंटिमीटर आहे, तर ५०९ चौरस सेंटिमीटर. पाच वर्षांनी ८८ झाला तर ६१६. म्हणजे १०७ची वाढ, वर्षाला सुमारे २१. चौकोनातल्या सगळ्या झाडांची अशी बेरीज करा आणि तिच्या निम्म्याहून जास्त काढू नका. बी देणारी सर्वांत सरळ, सर्वांत मोठी झाडे त्या निम्म्यातही येत नाहीत. वाकडी, दाटीत अडकलेली, शेंडा मेलेली आधी निघतात. रेघ दर दोन वर्षांनी पुन्हा रंगवा. सालीबरोबर ती सोलून जाते आणि मग जुन्या आकड्यांशी नवे जुळत नाहीत.